मुक्काम पोस्ट न्यू पेकिंग बाळाराम

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात दरवर्षी एक प्रवासवर्णन असतं. गेल्या साली बी विंगच्या शहाबेननी दुबईवर लिहिलं. या वर्षी कमिटीतल्या मुली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही कुठे जाऊन आलात का?" मी म्हटलं, आले ना, मुर्ध्याला. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आता हाटकेशहून मुर्धा म्हणजे मधे एक भाईंदर लागतं, तेवढंच. पण मी बॅग भरून गेले, दोन रात्री लॉजवर राहिले, परक्या नळाखाली अंघोळ केली, परक्या गावच्या भानगडीत पडले. एवढं करून त्याला प्रवास म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? शहाबेनना दुबईत उंट भेटला. मला कोण भेटलं ते वाचा.

निघायचं कारण

हिराचा फोन आला गुरुवारी. हिरा म्हणजे मुर्ध्याच्या 'न्यू पेकिंग बाळाराम चायनीज अँड लॉजिंग'ची मालकीण. आम्ही जालन्याहून इकडे आलो तेव्हा आमचे मिस्टर स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात लागले, आणि मी हिराच्या हॉटेलात कोबी चिरायला लागले. सहा वर्षं मी कोबी चिरला. तेव्हापासून ती मला सुमन म्हणते आणि मी तिला हिरा.

हॉटेल बंद पडून बरीच वर्षं झाली. हिराचा नवरा बाळाराम वारला, लॉजच्या खोल्यांना कुलपं लागली. हिरा मात्र खालच्या मजल्यावर मागच्या खोलीत एकटी राहत होती. मुलगा नीलेश भाईंदरला, आठव्या मजल्यावर. तो आईला कधीचा बोलावतोय. इमारत इतकी खंगलीय की मागच्या महिन्यात स्लॅबचा तुकडा तिच्या धुण्याच्या बादलीत पडला. हिरा दोन पावलं मागे होती म्हणून बादलीवरच निभावलं. रविवारी दुपारी इमारत पाडायला माणसं येणार होती.

"सुमन, तू ये गो," हिरा फोनवर म्हणाली. "मी हितून हलनार न्हाय."

"का गं? पोरगा न्यायला तयार आहे ना?"

"पोरगा मना नेल. ह्याला कोन नेल?"

मग मागून नीलेशने फोन घेतला. "मावशी, तुम्ही याच. आई म्हणते ड्रॅगनची व्यवस्था लागल्याशिवाय उठणार नाही. त्याला कसं नुसतं फोडायचं म्हणते. तुमचं ती ऐकते."

माझं ती कधीही ऐकत नाही, पण हे नीलेशला माहीत नव्हतं. मी बॅग भरली.

शुक्रवार: हाटकेश ते मुर्धा

वाटेचं वर्णन करत नाही. दोन रिक्षा, एक बस आणि माझे गुडघे, एवढंच ते आहे. भाईंदरच्या टॉवरांची गर्दी संपली की एकदम हवेला खारट वास येतो आणि रस्त्याच्या कडेला पाणी दिसायला लागतं. पूर्वी तिथे मिठाच्या पांढऱ्या राशी असायच्या. आता काही मिठागरांत नुसतं गवत आहे, बगळे उभे असतात, आणि पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे.

घर सोडल्यावर माणसाला पहिला फरक दिसतो तो दाराचा. आमच्या हाटकेशला दारावर बेल असते, बेल वाजली की आधी भोकातून बघतात, मग साखळी लावून बघतात, मग "कोण पाहिजे?" मुर्ध्यात मी हिराच्या मागच्या खोलीत बसले तर दहा मिनिटांत चार बायका आत आल्या. एकीने टोपावरचं झाकण उचलून आत काय शिजतंय ते पाहिलं, दुसरीने माझ्या बॅगेची चेन उघडून "काय आनलंस?" विचारलं. मी आणला होता शेंगदाण्याचा ठेचा. तो तिथल्या तिथे संपला. बदल्यात मला तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं मिळालं. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. बाळाराम त्याचंच मंचुरियन करायचा. चायनामध्ये करत नसतील, पण त्यात चायनाचंच नुकसान आहे.

जेवण झाल्यावर हिरा मला पुढे घेऊन गेली. शटर वर केलं.

तो होता तिथेच होता. काउंटरच्या शेजारी, दाराकडे तोंड करून, सात फुटी, हिरवा, पोटावर सोनेरी खवले. एक हात वर करून आशीर्वाद देत उभा.

त्याची हकीकत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाळारामचं सगळं खानदान मिठागरात. मिठागरं बंद व्हायला लागली तशी तो मुंबईला एका केटररकडे लागला, तिथे त्याने नूडल्स परतायला शिकून घेतलं. परत येऊन राहत्या घराच्या पुढच्या अंगाला हॉटेल काढलं आणि वर लॉज चढवला. 'न्यू' का, तर बाकीच्यांच्या पाट्यांवर होतं म्हणून. मग त्याला वाटलं, चायनीज म्हणजे दारात ड्रॅगन पाहिजे. तो पेणला गेला आणि एका गणपतीवाल्याला ऑर्डर दिली. त्या मूर्तिकाराने जन्मात ड्रॅगन पाहिलेला नाही. बाळारामने त्याला चहाच्या थर्मासवरचं चित्र दाखवलं. मूर्तिकाराने अंग, शेपूट, खवले सगळं थर्मासबरहुकूम केलं. पण हात करायची वेळ आली आणि त्याच्या बोटांना एकच सवय. हात उचलला तो आशीर्वादालाच. डोळेही तसेच निघाले, शांत, मोठे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. वर आणि शेवटी कपाळाला गंध लावून दिलं, ते म्हणे सवयीनेच.

उद्घाटनाला गावातल्या बायका आल्या. आशीर्वादाचा हात बघितला आणि आपोआप हळदकुंकू वाहिलं. पुढच्या आठवड्यात कुणीतरी नारळ ठेवून गेलं. मी कामाला लागले तेव्हा गिऱ्हाईक आधी ड्रॅगनच्या पाया पडायचं आणि मग ट्रिपल शेजवान मागवायचं. हिराने तर नीलेशच्या दहावीला त्याला नवस बोलला होता.

"मी अभ्यास केला होता," नीलेश आजही म्हणतो.

"केला आसशील," हिरा म्हणते. "पन गनितात?"



शनिवार: खोली नंबर तीन

माझी झोपायची सोय वर खोली नंबर तीनमध्ये केली होती, कारण सगळ्या लॉजमध्ये तेवढाच स्लॅब धड होता. या लॉजवर कोण उतरायचं म्हणाल, तर निम्मी लग्नाची वऱ्हाडं, आणि निम्मी आमच्यासारख्या एका खोलीत नऊ माणसं राहणाऱ्या घरातली नवराबायको. हिराचा नियम कडक होता. लग्नाची पत्रिका दाखवल्याशिवाय ती खोली द्यायची नाही. नुसतं मंगळसूत्र चालायचं नाही, "ते पन्नास रुपयांना भेटतं" म्हणायची. त्यामुळे लोक बॅगेत टॉवेल आणि पत्रिका घेऊन यायचे. एकदा एक जोडपं पत्रिका विसरलं, तर त्यांनी सासूला फोन लावून दिला आणि सासूने फोनवर मुहूर्त वाचून दाखवला. खोली मिळाली.

शनिवारी सकाळी ड्रॅगनच्या व्यवस्थेवर चर्चा झाली. नीलेशने आधी भटजींना फोन केला. भटजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, फोटोही मागवला. मग म्हणाले, "एखाद्या देवाचं वाहन म्हणून जरी उल्लेख असता तरी काहीतरी केलं असतं. पण हे कशातच बसत नाही." मग गावातल्या भगतबाबांना बोलावलं. भगतबाबा ड्रॅगनसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मान हलवून म्हणाले, "हा भायेरच्या देशाचा. आंगात आला तर बोलेल काय ते मना कलनार न्हाय."

"खाडीत सोडू," नीलेश म्हणाला.

"जाल्यात घावला तर जालं कोन शिवनार?" शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या घरची दोन होडकी आहेत.

आणि मग भगतबाबा माझ्याकडे वळले. "चीनमदी बुद्धच ना?"

मी म्हटलं, "हो, असतील."

"मंग तुमच्यातलाच हा."

सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर तर सुटल्याचा आनंद दिसला. मी म्हटलं, "बाबा, मी बौद्ध आहे हे खरं. पण आम्ही नवससायास सगळं सोडून दिलेली माणसं. आमच्या घरात असला शेपटीवाला कोणी नाही."

"तुमी जालन्यातल्या. चीनमदी आसंल," भगतबाबा म्हणाले.

"सुमन," हिरा हळूच म्हणाली, "तूच काय तरी बोल ना त्याच्यासाठी. दोन शब्द."

मी नाही म्हटलं. मी रागावले होते म्हणा ना. जे मी माझ्या सासूच्या देवांसाठी केलं नाही, ते थर्मासवरून काढलेल्या जनावरासाठी करू? हिराचं तोंड एवढंसं झालं. ती उठून काउंटरमागच्या खुर्चीवर जाऊन बसली. बरोबर तिच्या डोक्यावर स्लॅबला तळहाताएवढी भेग होती. नीलेश म्हणाला, "आई, तिथून ऊठ." ती म्हणाली, "न्हाय."

दुपारी डोकं दुखतंय म्हणून मी वर जाऊन पडले. उकडत होतं. भिंतीवरचं बटण दाबलं, पंखा जेमतेम फिरायला लागला, आणि मला डुलकी लागली. जाग आली ती खालून आलेल्या आरडाओरड्याने. मी जिन्यावरून वाकून पाहते तर दारात पाडकामाचा मुकादम आणि त्याची चार माणसं. जागा बघायला आली होती. सगळे भिंतीला चिकटलेले. ड्रॅगनचे डोळे लालभडक पेटले होते.

हे मी विसरलेच होते. बाळारामने त्या डोळ्यांत लाल बल्ब बसवले होते, आणि वायरमन गावातलाच, त्याने ती वायर जवळ पडली म्हणून खोली नंबर तीनच्या पंख्याला जोडली होती. कितीतरी जोडप्यांना कळायचं नाही की आपण पंखा लावला की खाली हॉटेलात लोक नमस्कार करतात.

मी धापा टाकत खाली आले. "भैया, वो पंखा है. मैंने पंखा लगाया."

"पंखा?" मुकादम म्हणाला. तो चाळिशीचा, बिहारकडचा, शांत माणूस. "आँख में पंखा?"

"चलो, दिखाती हूँ." मी पुन्हा वर गेले, गुडघे धरत. बटण बंद केलं, चालू केलं. पंखा फिरला. "जला क्या?" मी वरून विचारलं.

"नहीं जला," खालून आवाज आला.

चार वेळा केलं. पंखा चारही वेळा फिरला आणि डोळे एकदाही पेटले नाहीत. मी खाली आले तेव्हा त्याची माणसं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी होती. मुकादम चपला काढून ड्रॅगनसमोर उभा होता.

"माताजी," तो मला म्हणाला, "जब तक ये अंदर हैं, हमारे लड़के हथौड़ा नहीं लगाएँगे. कल बारह बजे आते हैं. आप लोग इनका कुछ कर लो."

हिरा काउंटरमागून म्हणाली, "बघ."

आता गंमत राहिली नव्हती. आधी एकटी हिरा अडून बसली होती, आता माझ्या पंख्यामुळे तोडणारेही तिच्या बाजूला गेले होते. नीलेश डोक्याला हात लावून पायरीवर बसला. "मावशी, हे लोक गेले तर दुसरे महिनाभर मिळणार नाहीत. पाऊस सुरू झाला की हा स्लॅब राहत नाही. आणि ही बया खाली बसलेली असणार."

त्या संध्याकाळी जेवायला बोंबलाचं कालवण होतं. मला चव लागली नाही, यावरून काय ते समजा.

रविवार: चेक-आऊट

सकाळी मी लवकर खाली आले. हिरा आधीच काउंटरवर, अंघोळ करून, नवी साडी नेसून. ड्रॅगनला तिने ओल्या फडक्याने पुसलं होतं.

मी तिच्यासमोर गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिले. म्हटलं, "हिरा, खरं सांग. बाळारामने याला देव म्हणून आणलं होतं?"

"न्हाय गो. हॉटेलला शोभा म्हनून आनला."

"मग देव कुणी केला?"

"कोनी केला न्हाय. झाला."

"आणि तू त्याला कुठे ठेवलंस? देव्हाऱ्यात?"

"देव्हाऱ्यात मावल काय तो? हितं लॉजमदी."

मी म्हटलं, "मग तो लॉजमधला पाहुणा आहे. पाहुण्याचं विसर्जन करत नाहीत. त्याला भटजी लागत नाही, भगत लागत नाही, मी तर मुळीच लागत नाही. लॉजवरून माणूस जातो तेव्हा काय करतात ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

हिराने वाकून काउंटरखालचा खण ओढला, लॉजचं रजिस्टर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्यापुढे सरकवलं. "तुझं अक्षर बरं. तू लिव."

तोवर नीलेश आला होता, काकू आणि भगतबाबाही आले. मी पेन घेतलं. रजिस्टरात रकाने असतात, ते एकेक वाचायला लागले.

"नाव."

"ड्रॅगन," नीलेश म्हणाला.

"आडनाव?"

हिरा म्हणाली, "पाटील लिव. इतकी वर्सं आमच्यात राहिला."

"कुठून आले?"

"चायना," भगतबाबा म्हणाले.

"सरकारी रजिस्टर हाय, खोटं कशाला?" हिरा म्हणाली. "पेनवरून आला. टेम्पोत मी सोता होते."

मी पेण लिहिलं.

"येण्याचं कारण?"

"धंदा," हिरा म्हणाली.

"माणसं किती?"

"एक."

"कुठे जाणार?"

"डम्पिंगला," नीलेश बोलून गेला. हिराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. मी तो रकाना मोकळा सोडला.

"सही."

इथे सगळे अडले. मग नीलेशनेच, बरं का, ज्याने गणिताचा अभ्यास स्वतः केला होता त्यानेच, खणातून शाईचा पॅड काढला. स्टूल आणून त्यावर चढला, ड्रॅगनच्या वर उचललेल्या पंजाच्या एका नखाला जांभळी शाई लावली आणि रजिस्टर वर धरून ठसा घेतला. हळूच घेतला, दुखणार नाही अशा बेताने. काकू म्हणाल्या, "फुंकर मार, पसरल." त्याने फुंकर मारली.

पण हिरा एवढ्यावर पाहुणा सोडणारी नव्हे. कुणीही लॉज सोडताना ती खोलीत जाऊन टॉवेल आणि ग्लास मोजून घ्यायची. ती ड्रॅगनभोवती एक चक्कर मारून आली, मागे वाकून पाहिलं, शेपटीखाली पाहिलं.

"काय न्हाय नेलान," ती म्हणाली. "चांगला पावना."

भगतबाबांनी टोपी काढली. ते का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मला वाटलं झालं. मी रजिस्टर मिटायला गेले, तर हिराने त्यावर हात ठेवला. "थांब. आजून एक नाव लिव. माजं."

मी पुढच्या ओळीवर हिराबाई बाळाराम पाटील लिहिलं. कुठून आले, तिने राई सांगितलं. राई तिचं माहेर, शेजारचंच गाव. येण्याचं कारण विचारलं तेव्हा ती थोडा वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण बघत राहिली.

"लगीन," ती म्हणाली.

"माणसं किती?"

"दोन आलते," हिरा म्हणाली. "जाते एकटी."

मला तो आकडा लिहायला जरा वेळ लागला. पेन चालत नव्हतं असं मी सांगितलं. नीलेश बाहेर जाऊन रिक्षा बघायला लागला, जरी रिक्षा समोरच उभी होती.

सही म्हणून हिराला तेवढं नाव काढता येतं. तिने ते काढलं, एकेक अक्षर दाबून, आणि कमरेची चाव्यांची जुडी सोडून काउंटरवर ठेवली.

बारा वाजता मुकादम आला. त्याची माणसं अजून रस्त्याच्या पलीकडेच होती. हिरा एक पिशवी घेऊन पायरीवर उभी होती. त्याने चपला काढल्या, आत डोकावून ड्रॅगनकडे पाहिलं, मग हिराकडे.

"माताजी, अभी हैं अंदर?"

"न्हाय," हिरा म्हणाली. "ओ गये."

"किधर गये?"

हिराने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिची हिंदी अशीतशीच. "गाव," ती म्हणाली. "ओ गाव गया."

मुकादमाने मान हलवली. त्याला ते लगेच पटलं, जसं काही एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"अच्छा किया," तो म्हणाला. "हम तो दो साल से नहीं गये." मग त्याने पलीकडच्या पोरांना हात केला आणि पायरीच्या कडेला सरकून हिराला उतरायला जागा करून दिली.